दहा पूर्णांक आठ पिकोमीटर

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे, तेवीस पायऱ्या जमिनीखाली उतरलं की ती प्रयोगशाळा लागायची. आत शिरताना चपला काढायच्या आणि तोंड मिटायचं, असा तिथला नियम. चपला धुळीसाठी, तोंड आरशासाठी. काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर बसवलेला नखाएवढा आरसा माणसाच्या बोलण्यानेही हलतो. कोणी नुसतं "चहा घेणार का" म्हटलं तरी सकाळपासूनचं मोजमाप फुकट जातं.

वृषाली कवठेकर त्या खोलीत बावीस वर्षं काम करत होती. मुळातच ती हळू बोलणारी. या नोकरीने तिचा आवाज इतका खाली गेला की मिरजेच्या मंडईत भाजीवाल्या तिला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या. थोरली बहीण रेवती तर वैतागून म्हणायची, "वृशू, मी काही तुझा आरसा नाही. जरा मोठ्यांदा बोल."

तिचं काम काय, हे सांगायला ती नखापासून सुरुवात करायची. मीटरचे हजार भाग केले की मिलिमीटर, हे शाळेत सगळेच शिकतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की मायक्रोमीटर. कारखान्यातली माणसं त्याला मायक्रॉन म्हणतात, आणि डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या मायक्रॉनचे हजार भाग केले की नॅनोमीटर. बोटाचं नख दर सेकंदाला एखाद्या नॅनोमीटरने वाढतं. आपण देवाचं नाव एकदा घेतो तेवढ्यात ते तेवढं पुढे गेलेलं असतं. आणि त्या एवढ्याशा वाढीचेही हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर. अणूसुद्धा शंभर-दोनशे पिकोमीटर रुंद असतो. म्हणजे वस्तू अलीकडेच संपते, आणि मोजणं पुढे चालूच राहतं.

एवढं लहान अंतर डोळ्यांना दिसत नाही. ते प्रकाशाकडून विचारून घ्यावं लागतं. लेझरचा एक किरण दुभागायचा, अर्धा स्थिर आरशाकडे धाडायचा, अर्धा हलणाऱ्या वस्तूकडे. दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळले की त्यांच्या लाटा किती पुढेमागे झाल्या ते दिसतं, आणि त्यावरून वस्तू किती सरकली ते निघतं. फक्त एक विसरायचं नाही. प्रकाश जातो तसा परतही येतो. वस्तू एक पाऊल सरकली तर प्रकाशाची वाट दोन पावलांनी बदलते, म्हणून आलेला आकडा निम्मा करायचा. जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवायला जसा हात आपोआप वळतो, तसा वृषालीचा हात या निम्म्याकडे वळायचा.

आई गेली तेव्हा वृषाली नऊ वर्षांची होती आणि रेवती सतरा. वेणी घालणं, डबा भरणं, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणं, हे सगळं रेवतीनेच केलं. पुढे रेवतीचं लग्न गावातच झालं. वृषालीने लग्न केलं नाही. का नाही, हे कोणी विचारलं की रेवतीच परस्पर उत्तर देऊन टाकायची. दोघी चातुर्मासात मुक्याने जेवायच्या. हा आईचा नेम, तिच्यामागे दोघींनी धरलेला. चार महिने समोरासमोर बसून, एक शब्द न बोलता, कोणाला काय हवं ते नुसतं बघून वाढायच्या.

रेवतीच्या मेंदूत रक्तस्राव झाला तो आषाढात. आठ दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि वृषाली बाहेरच्या बाकावर. जीव वाचला, पण रेवती परत आली नाही. डोळे उघडायचे, छत बघायचे, मिटायचे. श्वास स्वतःचा, अन्न नळीतून. मिरजेतच, रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या एका शुश्रूषालयात तिला ठेवलं.

वृषालीने तेव्हा नवा नेम धरला. रोज सकाळी सातला जाऊन रेवतीच्या उजव्या कानाशी एकशे आठ वेळा नाम घ्यायचं, आणि ते होईपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. संध्याकाळी रेवतीची मुलगी ओवी यायची. ओवी सांगलीच्या वीजबस आगारात फेऱ्यांची वेळापत्रकं लावायची. ती आईच्या उशाशी बसून आगारातली सगळी भांडणं सांगायची. कोणत्या चालकाने कोणाची पाळी लाटली, साहेबांच्या बायकोला फुकट पास कसा हवा होता. मधेच "हो की नाही गं?" असं विचारायची आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे जायची. रेवतीचे यजमान हेमंतराव दाराशी खुर्ची घेऊन बसत. ते काही बोलत नसत.

असे चौदा महिने गेले.

याच काळात कानाची चाचणी सगळीकडे रूढ झाली. तिच्यामागचा शोध साधाच म्हणायला हवा. कान म्हणजे नुसतं उघडं दार नव्हे. आवाज आला की कानाचा पडदा हलतो. अगदी हळू आवाजाने तो अवघा काही पिकोमीटर हलतो. पण मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा मेंदू कानाला उलट निरोपही धाडतो, हा आवाज जवळ घे, तो दूर ठेव म्हणून. त्या निरोपाने कानाच्या आतले सूक्ष्म केस ताठरतात, आणि त्यांची हालचाल आतून बाहेर, पडद्यापर्यंत येते. म्हणजे पडदा दोन कारणांनी हलतो. एक, बाहेरून आवाज आला म्हणून; दुसरं, आतून कोणी लक्ष दिलं म्हणून. या दोन हालचाली वेगळ्या काढणारं यंत्र निघालं. रुग्णाच्या कानात केसाएवढी काचतार घालायची, तिच्यातून लेझर पडद्यावर सोडायचा, आधी परक्या माणसाचा आवाज ऐकवायचा, मग घरच्या माणसाचा, आणि दोन्हींतला फरक मोजायचा. फरक दहा पिकोमीटरच्या वर असला तर माणूस ऐकतो आहे. सहाच्या खाली असला तर पडदा हलतो, पण त्याच्यामागे कोणी नाही. मधला असला तर महिन्याने पुन्हा.

वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या माणसांच्या घरच्यांना ते यंत्र मोठा आधार वाटलं. कायद्यानेही ते मानलं. नळी काढायची की ठेवायची, हे ठरवायला बसणाऱ्या डॉक्टरांच्या समितीपुढे आता कानाचा आकडा ठेवावा लागे. आणि प्रत्येक यंत्राला प्रमाणपत्र लागे, की याचा पिकोमीटर तो खरोखरच पिकोमीटर आहे. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतली ती प्रमाणपत्रं कुपवाडच्या तळघरातून निघत. त्यांच्याखाली सही वृषालीची असे.

हेमंतराव एका सकाळी शुश्रूषालयाच्या ओसरीत तिची वाट बघत थांबले होते. त्यांना रेवतीची चाचणी करून घ्यायची होती. चाचणीच्या वेळी वृषालीने तिथे उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टर काय बोलतात ते त्यांना कळायचं नाही आणि कळलं तरी पटायचं नाही. "तू सांगशील ते मी धरून चालेन," ते म्हणाले. "मला दुसरं कोणी नाही विचारायला."

ती उभी राहिली. काचतार नीट बसली आहे का, ते तिने स्वतः पाहिलं. यंत्र आदल्या मार्गशीर्षात तिच्याच टेबलावर येऊन गेलेलं होतं; प्रमाणपत्रावर तिच्या हाताने लिहिलं होतं, वाचन निम्मे करावे. परका आवाज झाला. मग ओवीने आईला हाका मारल्या, आगारातलं काहीबाही सांगितलं, सांगता सांगता तिचा आवाज चिरकला. तीन वेळा मोजणी झाली. निम्मा करून आकडा आला पाच पूर्णांक चार.

सहाच्या खाली.

ओवीने ते मान्य केलं नाही. ती खोलीतच मावशीला भिडली. तुमचं मशीन आईला ओळखतं का, असं विचारू लागली. बोट दाबलं की आई दाबते, तिने अनुभवलंय म्हणाली. वृषालीने तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, ती बाजूला झाली. तेव्हा वृषाली आयुष्यात कधी नव्हे एवढ्या स्पष्ट आवाजात बोलली.

"ओवी, आकडा बरोबर आहे. माझी सही आहे त्याच्यावर. ती ऐकत नाहीये."

हेमंतरावांनी पंधरा दिवसांनी कागदांवर सही केली. नळी काढली ती आश्विनात. त्यानंतर रेवती अकरा दिवस होती.

ते अकरा दिवस खोलीत माणसं येत-जात राहिली. आता ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर बोलण्यावर बंधन कसलं? रेवतीच्या जावेने पलंगाच्या पायाशी बसून विचारलं की अंगावर कोणती साडी घालायची, लग्नातली की नवी. कोणाला आधी कळवायचं आणि कोण न कळवल्याने रुसेल, याच्यावर दोन चुलतदिरांत शब्दाला शब्द लागला. हेमंतराव सातव्या दिवशी एकाएकी रडायला लागले, तिला त्रास होत असेल का म्हणून. वृषाली उशाशीच उभी होती. तिने त्यांना समजावलं की नाही भाऊजी, त्रास व्हायला तिथे कोणी नाहीये.

कानाशी नाम घेणं तिने चाचणीच्या दिवसापासून थांबवलं होतं. ऐकणारं कोणी नसताना कानाशी बोलणं तिला दिखाव्याचं वाटलं. जप ती घरी, देवापुढे, मनात करायची. आणि ओवी संध्याकाळी येऊन नुसती बसायची. आईचा हात हातात असायचा. बोलायची मात्र नाही.

अकराव्या दिवशी दुपारी रेवती गेली.

तिच्यामागे घर हळूहळू सावरलं. हेमंतराव नीट झोपू लागले. मासिक श्राद्धाला वृषाली गेली की ते दर वेळी तेच सांगायचे, की तू आकडा दिलास म्हणून माझा हात सहीला उठला, नाहीतर मी तिला तशीच ठेवून दिली असती वर्षानुवर्षं. ओवी मावशीसमोर यायची नाही. आतल्या खोलीतून तिच्या पैंजणांचा आवाज तेवढा यायचा.

माघात सिलिकॉनचा ठोकळा आला.

दर दोन वर्षांनी तो दिल्लीहून यायचा, आणि त्याच्यावर प्रयोगशाळेचं स्वतःचं टेबल तपासून घ्यायचं असायचं. दुसऱ्यांना मापं देणाऱ्यालाही आपलं माप कुठेतरी लावून बघावं लागतं. शुद्ध सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंच्या रांगा एकशे ब्याण्णव पिकोमीटर अंतरावर उभ्या असतात. हे अंतर माणसाने ठरवलेलं नाही. ज्याने ठरवलं, त्याच्या मोजपट्टीला झीज माहीत नाही. म्हणून वृषाली त्या ठोकळ्याला हातमोजे घालण्याआधी मनात नमस्कार करायची.

त्या दिवशी टेबलाने आकडा दिला शहाण्णव.

तिला वाटलं ठोकळा वाकडा बसला. पुन्हा बसवला. शहाण्णव. संगणकाच्या पडद्यावरचं गणित उघडून तिने एक एक ओळ तपासली. त्यांच्या टेबलावर प्रकाश आरशाकडे दोन फेऱ्या मारायचा. बारीक मोजायला ती युक्ती. एका फेरीला निम्मं करायचं, तर दोन फेऱ्यांना चौथाई. गणित चौथाईच करत होतं. गणितात काही चूक नव्हती. मग तिने टेबलावरचं झाकण उचललं.

आत, प्रकाशाला वळवून फेरीवर धाडणारा वळण-आरसा दोनाऐवजी एकच होता. प्रकाश एकच फेरी मारत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली, पिवळी पडलेली: 'आरसा तडकला. एकेरी मांडणी केली आहे. भागाकार बदलणे.' खाली तारीख होती, दीड वर्षापूर्वीच्या आषाढातली.

ती बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. शौकतभाई जमादार वरून डबा घेऊन उतरत होते. टेबल उघडायचं, आरसे बसवायचे, पुसायचे, ही हातची कामं तीस वर्षं त्यांच्याकडे. तिचा चेहरा बघून त्यांनी डबा तिथेच ठेवला. तिने नुसती चिठ्ठी पुढे केली.

"मी फोन केला होता मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही दवाखान्यात होता. दुहेरीचं एकेरी केलंय, भागाकार बदलून घ्या, म्हटलं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

तिला आठवेना. अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक आठवला, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आठवलं. फोन आठवला नाही.

"पुन्हा एकदा विचारायला हवं होतं मी," शौकतभाई म्हणाले. "तुमच्या घरी तसं चाललेलं. तोंड उघडवलं नाही."

पुढचं तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आषाढापासून टेबल सगळी मापं निम्मी दाखवत होतं. त्याच सुमाराला कानाच्या यंत्राची नवी आवृत्ती बाजारात आली होती. ती पहिल्यांदा टेबलावर ठेवली, तेव्हा टेबल म्हणालं पन्नास आणि यंत्र म्हणालं शंभर. सव्वापट आलं असतं, दीडपट आलं असतं, तर ती थबकली असती, सगळं उघडून बसली असती. पण नेमकं दुप्पट. बावीस वर्षं जी दुप्पट तिने रोज हाताखालून घातली, तीच. प्रकाशाचं जाणं-येणं या नव्या यंत्रात धरायचं राहिलेलं दिसतंय, असं समजून तिने शांतपणे लिहिलं, वाचन निम्मे करावे. यंत्र खरं बोलत होतं. तिने त्याचा शब्द अर्धा केला.

रेवतीचा पाच पूर्णांक चार म्हणजे दहा पूर्णांक आठ.

त्या दुपारी वृषाली रडली नाही. तिने अकरा यंत्रांची प्रमाणपत्रं रद्द केली आणि एकेका रुग्णालयाला स्वतः फोन केला. चूक आमची आहे, माझी आहे, असं प्रत्येक ठिकाणी सांगितलं. पलीकडची माणसं "जरा मोठ्यांदा बोला" म्हणत होती, आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागत होतं. संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. त्या यंत्रांवर 'मागे कोणी नाही' असा निकाल मिळालेल्यांपैकी नऊ जणांचे आकडे दुप्पट केल्यावर दहाच्या पुढे जात होते. नवांतले तिघं अजून होते. उरलेले सहा नव्हते. यादीत नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. रेवतीचा क्रमांक तिला पाठ होता.

शौकतभाईंनी जाताना आपलं मत सांगितलं. जे तिघं आहेत त्यांच्यासाठी धावायला हवंच. सहा घरांना कळवायचं की नाही, ते समिती ठरवेल, तिला महिने लागतील. आणि बाकीच्या पाच घरांना कळलं तर तो नियमाचा भाग. पण आपल्या घरात आपण होऊन हे नेऊ नये. हेमंतराव आता कुठे माणसात आलेत. "तुम्हाला कळलंय, वरच्याला कळलंय," ते म्हणाले. "त्या दोघांना जगू द्या."

तिलाही तेच हवं होतं. घरी येऊन तिने देवापुढे दिवा लावला आणि ठरवलं, की हे ओझं आपलं एकटीचं. चुकीचं प्रायश्चित्त म्हणून गप्प राहणं तिला सोपं नाही, तरी योग्य वाटलं. जन्मभर ती गप्पच राहत आली होती.

रविवारी ओवी आली.

चार महिन्यांत पहिल्यांदा. हातात स्टीलचा डबा होता. तिने तिळाच्या वड्या केल्या होत्या, आईसारख्या जमल्या नव्हत्या. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, लहानपणी बसायची तशी. बराच वेळ आगारातलं बोलत राहिली. मग डब्याच्या झाकणाशी चाळा करत, मान खाली घालून म्हणाली, "मावशी, मी तुला फार वाईट बोलले त्या दिवशी. तू खोटं कशाला सांगशील? मलाच ते ऐकायचं नव्हतं. चुकलं माझं."

वृषालीच्या हातात तिच्यासाठी ओतलेलं ताक होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं. होय म्हणून तिला कुरवाळलं असतं, तर सगळं मिटलं असतं. पोर चार महिन्यांनी उंबऱ्यावर येऊन बसली होती. पण ही माफी आपण घेतली, तर ती आपण चोरली असं होईल, हे तिला इतकं लख्ख कळलं की पुढचे शब्द तिला ठरवावे लागले नाहीत.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली.

मग ती ओवीसमोर फरशीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आरसा, चिठ्ठी, फोन, टेबल. ओवीला दोनदा विचारावं लागलं नाही; ती पुढे वाकून एक एक शब्द ऐकत होती. मधे तिने एकदाच विचारलं, की मग खरा आकडा किती.

"दहा पूर्णांक आठ."

"पिकोमीटर."

"हो."

ओवीच्या चेहऱ्यावर राग येईल, म्हणून वृषाली थांबून होती. राग आला नाही.

"म्हणजे मी रोज बोलायचे, ते तिला ऐकू यायचं," ओवी म्हणाली. "आणि मग मी एकदम बोलायची थांबले." ती शब्द शोधत होती. "का थांबले, ते तिला कोणीच सांगितलं नाही."

ओवी उठली, चप्पल घातली, आणि दाराशी वळून म्हणाली की बाबांना हे कधीही कळता कामा नये. कोणाचा कागद आला तर तो ती दारातच घेईल. "आणि मावशी, तू काही दिवस येऊ नकोस आमच्याकडे. तुला बघून मला बोलावंसं वाटेल, आणि बाबा समोर असतात."

डबा ती तिथेच विसरून गेली. वृषालीने तो दुसऱ्या दिवशी घासून ठेवला.

उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या नव्या चाचण्या त्याच आठवड्यात झाल्या. तिसरी इचलकरंजीत होती. भूपाल मगदूम, वय एकसष्ट, यंत्रमागाचा कारखाना. अडीच वर्षं निपचित. त्यांची नळी काढायची तारीख शुक्रवारची ठरलेली होती, आणि तिथलं यंत्र नव्याने तपासून होईपर्यंत मंगळवार उजाडला. वृषाली बुधवारी सकाळी स्वतः गेली. तंत्रज्ञ होता, तिने जायची गरज नव्हती. शौकतभाई काही न विचारता तिच्याबरोबर बसमध्ये चढले.

खोलीत मगदूमांच्या पत्नी पद्मावतीबाई होत्या आणि सून होती. दोघींना नीट काही समजलं नव्हतं. माप चुकलं होतं, पुन्हा घ्यायचं आहे, एवढंच कळलं होतं. वृषालीने काचतार बसवली. नव्या प्रमाणपत्राप्रमाणे वाचन आहे तसंच घ्यायचं होतं, निम्मं करायचं नव्हतं. परका आवाज झाला, एका शिक्षकाने वाचलेला हवामानाचा अंदाज. कानाचा पडदा हलला, शांत झाला.

मग तिने पद्मावतीबाईंना सांगितलं की आता तुम्ही बोला.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच सुचेना. पहिल्या निकालानंतर महिनाभर त्या खोलीत यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. यांच्यावरून बोललं होतं. वृषालीने सांगितलं की काहीही चालेल, मनात येईल ते, फक्त त्यांना उद्देशून हवं.

पद्मावतीबाई खुर्ची ओढून जवळ सरकल्या. पदराने त्यांनी नवऱ्याच्या ओठांचा कोपरा पुसला. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो," त्या म्हणाल्या. "परवा आम्ही हितंच बसून ठरवत हुतो. तुम्हाला कुठल्या धोतरात न्यायचं त्ये. ऐकू आलं काय हो तुम्हाला?"

यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हलला. सात. नऊ. अकरा ओलांडून तो चौदापर्यंत गेला आणि तिथे थरथरत राहिला. पलंगावरच्या माणसाचा चेहरा जसाच्या तसा होता, डोळे छताकडे. खोलीत कुठेच काही हललं नव्हतं, अणूच्या सातव्या हिश्श्याएवढं सोडून.

वृषालीने वहीत चौदा लिहिलं. तिची पेन्सिल तिथेच टेकून राहिली. शौकतभाईंनी तिच्या पाठीमागे येऊन हलकेच खुर्ची ठेवली, पण ती बसली नाही.

चाचणी ग्राह्य धरायला मोजणी तीनदा व्हावी लागते, आणि तिन्ही वेळा शब्द तेच असावे लागतात. नियम तसा होता. पहिल्या वर्षी तो बसवणाऱ्यांत तीही होती. पद्मावतीबाई तिच्याकडे बघत होत्या. आकडा वाचता येत नव्हता त्यांना, त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वहिनी," वृषाली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हेच त्यांना अजून दोनदा विचारा."